मोतिया की फिकट राखाडी? दुकानाच्या भिंतीचा रंग पारखून कसा घ्यायचा



व्हिडिओत आपण गाळा ताब्यात घेतल्यापासून उद्घाटनापर्यंतच्या कामांची यादी केली होती. त्यात रंगकामाला जेमतेम दोन मिनिटं मिळाली. इथे तो विषय सविस्तर घेऊ, कारण हा निर्णय बहुतेक जण शेडकार्ड हातात धरून, रंगाच्या दुकानात उभ्या उभ्या, पाच मिनिटांत उरकतात.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. एक ताई मॅचिंग सेंटर सुरू करतेय. ब्लाउज पीस, अस्तर, फॉल, जोडीला शिलाई. गाळा १० बाय १२ चा, उंची १० फूट, तळमजल्यावर, तोंड पश्चिमेला. उजेड येतो तो फक्त शटरच्या बाजूने. मागे खिडकी नाही. घरातले म्हणतात मोतिया लाव, प्रसन्न वाटतं. भाऊ म्हणतो फिकट राखाडी लाव, आजकाल सगळ्या बुटीकमध्ये तोच असतो. दोन्ही रंग एकाच कंपनीचे, एकाच दर्जाचे, डब्याची किंमत जवळपास सारखी. मग भांडण कशाला?

भांडण आहे, कारण या धंद्यात रंग हाच माल आहे. गिऱ्हाईक साडी घेऊन येतं, तुम्ही पीस काढून दाखवता, ती हो म्हणते, तुम्ही एक मीटर कापता. घरी गेल्यावर तोच पीस वेगळा दिसला की ती परत येते. कापलेला पीस मोठ्या दुकानात परत जात नाही. तो तुमच्या कपाटात कटपीस म्हणून पडून राहतो.

न्यूट्रल म्हणजे रंग नसलेला नव्हे

मोतिया, क्रीम, बेज, राखाडी यांना आपण न्यूट्रल म्हणतो, म्हणजे डोळ्यांत न भरणारे. पण प्रत्येकाच्या पोटात एक रंग लपलेला असतो. मोतियात पिवळा असतो, कधी थोडा गुलाबी. राखाडीत बहुतेक वेळा निळा असतो, कधी हिरवा, कधी जांभळा. एकटी चिप बघितली तर हे कळत नाही. रंग उभा भिंतभर आला की मग कळतं, आणि तेव्हा रंगारी पैसे घेऊन गेलेला असतो.

ओळखायची सोपी युक्ती. दोन्ही चिप्स एकाच पांढऱ्या झेरॉक्सच्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवा. हा कागद स्वतःही किंचित निळसर असतो, कारण तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं द्रव्य घातलेलं असतं. पण दोघांनाही तोच कागद आहे, त्यामुळे तुलना खरी होते. मग शेडकार्डवर त्याच पट्टीतली सगळ्यात गडद चिप बघा. फिकट राखाडीच्या पट्टीत शेवटी निळसर-करडा आला तर तुमच्या फिकट चिपमध्येही बहुधा तोच निळा आहे, फक्त पातळ करून.

आपल्या ताईचं बघितलं तर मोतिया सरळसरळ पिवळ्याकडे झुकणारा निघाला आणि राखाडी निळ्याकडे. म्हणजे निवड "उबदार की थंड" अशी झाली. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

भिंत उजेड परत किती देते

रंगाला एक आकडा असतो, एलआरव्ही. म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती उजेड ती परत देते. काळा शून्याच्या जवळ, शुभ्र पांढरा १०० च्या जवळ. बऱ्याच कंपन्या हा आकडा आपल्या वेबसाइटवर देतात. फिकट मोतिया साधारण ८० च्या आसपास असतो, फिकट राखाडी साधारण ६० च्या. तुमच्या शेडचा नेमका आकडा डीलरला विचारा, पण समजा हेच धरले.

८० आणि ६० मध्ये फरक फार वाटत नाही. आता गंमत बघा. शटरमधून आलेला उजेड बाजूच्या भिंतीवर आपटतो, तिथून समोरच्या, तिथून मागच्या. दुसऱ्या वेळी आपटून निघेपर्यंत मोतिया १०० पैकी ६४ उरवतो (८० चे ८० टक्के), राखाडी ३६ (६० चे ६० टक्के). बारा फूट खोल, मागे खिडकी नसलेल्या गाळ्यात मागच्या रॅकपर्यंत पोचणारा उजेड असाच आपटत-आपटत पोचतो. आणि अंधुक उजेडात पहिला गोंधळ कोणता होतो? नेव्ही ब्लू आणि काळा. दुसरा, आमसुली आणि वांगी. मॅचिंगवाल्याला हे सांगायला नको.

म्हणजे मोतिया जिंकला? थांबा. खरंच किती भिंत दिसणार आहे ते आधी मोजा. मॅचिंग सेंटरमध्ये दोन्ही बाजूंना सात फुटांपर्यंत रॅक असतात. त्यामागची भिंत दिसतच नाही, तिथे रंगाचं काम रॅकमधले गठ्ठे करतात. उरतो तो वरचा तीन फुटांचा पट्टा, मागची भिंत, आणि छत. छत तर दोन्ही पर्यायांत पांढरंच ठेवायचं, त्यात वाद नको. म्हणून "दुकानाला कोणता रंग" असा प्रश्न विचारण्यापेक्षा "दिसणारी भिंत कुठली आणि तिच्यासमोर काय होणार" असा विचारा. बेकरी, पार्लर, क्लास, कशालाही हे लागू आहे. माझ्या मते या एका प्रश्नानेच निम्मे वाद मिटतात.

तोंड पश्चिमेला आहे

पश्चिमेच्या गाळ्यात सकाळी थेट ऊन नसतं. येतो तो आकाशाचा निळसर उजेड. दुपारनंतर ऊन आत शिरतं आणि संध्याकाळी पिवळं-केशरी होतं. निळसर राखाडी सकाळी आणखी निळा, थोडा उदास दिसेल. पिवळसर मोतिया संध्याकाळी आणखी पिवळा होईल, जवळपास लोण्यासारखा. आता विचार करा, तुमचं गिऱ्हाईक कधी येतं? लग्नसराईत आणि एरवीही या धंद्यात संध्याकाळ महत्त्वाची. म्हणजे ज्या वेळेला गल्ला भरतो नेमक्या त्याच वेळेला मोतिया सगळ्यात जास्त गडबड करणार.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. समोरच्या इमारतीचा रंग, शेजारच्याची हिरवी फायबरची शेड, पावसाळ्यात शटरबाहेर बांधलेली निळी ताडपत्री, यांतून गाळून आलेला उजेड तुमच्या भिंतीवर पडतो. जून ते सप्टेंबर निळ्या ताडपत्रीखाली धंदा करणार असाल तर निळसर राखाडीवर तो निळा दुप्पट चढेल. ताडपत्री पांढरी घ्या, रंग बदलण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

दिवे: रंगाआधी हे ठरवा

शटर अर्धं खाली आणि बाहेर अंधार, अशा वेळी भिंतीचा रंग ठरवतो तो दिवा. दिव्याच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे पांढरा-निळसर. आपल्याकडे दुकानात सर्रास ६५०० ची पट्टी लागते. त्याखाली पिवळसर मोतिया थोडा फिका पडतो, निळसर राखाडी थंडगार होतो. ३००० खाली उलट, मोतिया तुपकट दिसतो, आणि नेव्ही ब्लू तर काळाच वाटतो, कारण त्या दिव्यात निळा भाग कमी असतो.

दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात. कमाल १००. साधे एलईडी साधारण ८० चे असतात. कापडाच्या धंद्यात निदान मॅचिंगच्या टेबलावरचा दिवा ९० किंवा त्याहून जास्त सीआरआयचा घ्या. संपूर्ण दुकानाला नको, खर्च वाढेल. एका टेबलापुरता पुरे.

एक मात्र स्पष्ट सांगतो. दोन कापडं एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात वेगळी दिसतात, असं होतंच. दोन्हीत वापरलेले डाय वेगळे असतात म्हणून. हे भिंतीचा कुठलाही रंग बरा करू शकत नाही. म्हणून गिऱ्हाईक पीस आणि साडी घेऊन दाराशी उजेडात जातं तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. ती बरोबर करतेय. उलट तुम्हीच म्हणा, "ताई, एकदा बाहेर उजेडात बघून घ्या, मग कापते." दाराशी जायची वाट खोक्यांनी अडवू नका.

पॅरिसचा एक किस्सा, जो थेट आपल्या कामाचा आहे

मिशेल यूजीन शेव्रल नावाचे फ्रेंच रसायनतज्ज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोबेलिन्स या प्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की काळा धागा फिका दिसतो, त्यात दम नाही. शेव्रल यांनी तपासलं, तर काळ्या रंगाईत दोष नव्हता. तो धागा ज्या निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी विणला जायचा, त्या शेजारामुळे तो फिका वाटायचा. यावर त्यांनी पुढे अभ्यास केला आणि १८३९ मध्ये पुस्तक काढलं. सार इतकंच की प्रत्येक रंग शेजारच्या रंगाला आपल्यापासून दूर, उलट दिशेला ढकलतो.

आता ताईच्या दुकानात या. मागे पिवळसर मोतिया भिंत, पुढे हातात धरलेला चिंतामणी पीस. भिंतीचा पिवळा त्या निळ्याला आणखी निळा करून दाखवणार. लिंबू रंगाचा पीस तिथेच थोडा फिका पडणार. पांढरा पीस निळसर वाटणार. आणि मोतिया रंगाचाच ब्लाउज पीस काढला तर? तो भिंतीत हरवणार, त्यातला फरक गिऱ्हाइकाला दिसणारच नाही. मोती, आयव्हरी, हाफव्हाइट हे पीस लग्नसराईत किती जातात ते तुम्ही जाणता.

राखाडी इथे कमी लुडबुड करतो. कापडाच्या प्रयोगशाळेत रंग जुळवायची जी लाइटची पेटी असते, तिच्या आतल्या भिंती करड्या असतात ते याच कारणाने. पण तो करडा खरोखर तटस्थ असतो, ना निळा ना पिवळा. ताईने निवडलेली शेड निळसर आहे. ती लावली तर मोतियाची चूक उलट्या दिशेने होणार, केशरी आणि अबोली पीस उगाच भडक दिसणार.

माझा कौल

या गाळ्यासाठी मी दोन्ही शेड्स आहेत तशा घेणार नाही.

वरचा पट्टा आणि मागची भिंत यासाठी ऑफव्हाइट, पण मोतियापेक्षा पुष्कळ कमी पिवळा, एलआरव्ही ८० च्या वर. उजेड मागपर्यंत पोचायला हवा, ही गरज राखाडीने भागत नाही. आणि मॅचिंगचं टेबल शटरपासून तीन-चार फुटांच्या आत आणायचं, त्याच्या मागे साधारण ४ बाय ४ फुटांचा चौकोन खऱ्या तटस्थ फिकट करड्या रंगाचा. टेबलाचा वरचा सनमायकाही तसाच करडा, कमी चमकणारा. सगळा निर्णय त्या चौकोनासमोर होतो, बाकी दुकान फक्त प्रसन्न दिसलं तरी चालतं.

भावाला राखाडी बुटीक आवडतं, त्यात गैर काही नाही. पण तिथे तयार कपडे विकले जातात, स्पॉटलाइट असतात, जागा मोठी असते. बारा फुटांच्या मॅचिंग सेंटरला ते जसंच्या तसं लावू नका. चहा-नाश्ता, बेकरी असेल तर मोतिया बेलाशक लावा, खाद्यपदार्थ उबदार उजेडात छान दिसतात. पार्लरमध्ये आरशासमोरच्या भिंतीचा रंग गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर परत येतो, तिथे मेकअप करणाऱ्याला तटस्थ रंगच बरा.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका, चाचणी करा

जुन्या भिंतीवर ब्रशचे दोन फटकारे मारून रंग ठरत नाही, कारण जुना रंग शेजारी असतो आणि शेव्रल यांचा नियम तिथेही लागतो. असं करा. २ बाय २ फुटांचे हार्डबोर्ड किंवा प्लायचे तुकडे घ्या, प्रत्येक शेडसाठी एक. त्यावर प्रायमर, मग रंगाचे दोन हात. कडेने दोन बोटं पांढरी पट्टी सोडा. एक दिवस पूर्ण सुकू द्या. इमल्शन ओलं असताना आणि सुकल्यावर सारखं दिसत नाही, बहुतेक वेळा सुकून थोडं गडद होतं. डीलरकडे छोटा सॅम्पल मिळतो का विचारा, नाहीतर सगळ्यात लहान डबा घ्या. पाटी हलवता येते हा मोठा फायदा. ती मागच्या भिंतीला लावा, बाजूला लावा, टेबलामागे उभी करा.

दिवसातून चार वेळा बघायचं: सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी साडेपाच, रात्री आठ दिवे लावून. प्रत्येक वेळी पाटीसमोर तेच सहा पीस धरा: शुभ्र पांढरा, मोतिया, राणी, चिंतामणी, नेव्ही आणि काळा. वहीत लिहा. "छान वाटलं" असं लिहू नका. "नेव्ही-काळा वेगळे दिसले / नाही", "मोतिया पीस दिसला / हरवला" असं लिहा.

तीन जणींना बोलवा, शक्यतो घरच्या नकोत. त्यांना "कोणता रंग आवडला?" असं विचारलंत तर शिष्टाचार म्हणून काहीतरी सांगतील. दोन जवळजवळचे आमसुली पीस हातात द्या आणि विचारा, "यातला साडीशी जुळणारा कोणता?" कुठल्या पाटीसमोर उत्तर पटकन आणि बरोबर येतं ते बघा. गिऱ्हाइकाला मत विचारण्यापेक्षा काम करायला देणं, ही पद्धत पुढे नवीन माल आणतानाही उपयोगी पडेल.

हिशोब

शटरची बाजू सोडून तीन भिंती: १२ + १२ + १० = ३४ फूट. गुणिले उंची १० = ३४० चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर एका लिटरमध्ये दोन हात साधारण १३० चौरस फूट धरले तर २.६ लिटर लागेल. म्हणजे ४ लिटरचा डबा, उरलेला टचअपला. करड्या चौकोनाला १६ चौरस फूट, सगळ्यात लहान डबा पुष्कळ. नेमकं क्षेत्रफळ डब्यावर लिहिलेलं असतं, भिंत खडबडीत असेल तर त्यापेक्षा कमी होईल.

आता दुसरी बाजू. समजा एका पीसमागे तुमची खरेदी १०० रुपये आणि आठवड्याला दोन पीस रंग चुकला म्हणून वाया जातात. वर्षाला १०० × २ × ५२ = १०,४०० रुपये. तुमचे आकडे तुम्ही घाला. उजेड आणि करड्या चौकोनाने त्यातलं अर्धं वाचलं तरी ५,२०० रुपये. पाटी, छोटा डबा आणि एक चांगला दिवा यांचा खर्च या आकड्याशी ताडून बघा.

गाळा भाड्याचा, ११ महिन्यांच्या करारावर असेल तर दोन गोष्टी करारातच लिहून घ्या: रंगाचा खर्च कोणाचा, आणि सोडताना मूळ रंग लावून द्यायचा का. अशा जागेत महागातला रंग लावायची गरज नाही, मध्यम दर्जाचं इमल्शन घ्या. आणि भिंतीला ओल असेल तर कुठलाच रंग टिकणार नाही. आधी मालकाकडून गळती दुरुस्त करून घ्या.

चमकेबद्दल थोडं. हात लागतो त्या उंचीपर्यंत पुसता येईल असं सॉफ्ट शीन घ्या, कारण ऑफव्हाइटवर बोटांचे डाग लगेच दिसतात. मॅचिंगच्या चौकोनाला मात्र पूर्ण मॅट. तिथे चमक आली तर दिव्याचा झोत डोळ्यांत येतो आणि पीस बघायचा राहून जातो.

रंगाऱ्याला तोंडी "ऑफव्हाइट लाव" असं सांगू नका. कंपनी, शेडचं नाव, कोड, बेस, सगळं कागदावर द्या. तोच कोड दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये मिसळून "सेम आहे" म्हणणारे भेटतील, त्याला हो म्हणू नका. एकाच शेडचे दोन डबे लागले तर एकाच दिवशी घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच सुरुवात करायला सांगा, म्हणजे भिंतीच्या मध्यावर फरक पडणार नाही. पुढे टचअप करायची वेळ आली तर मधेच ठिगळ नको, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत मारायची. डब्यावरच्या कोडच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तारीख लिहून ठेवा.